आधी दिसलेलं

“चेहरा घरी ठेवून यायचा गं पोरी. इथं हात आणि डोळे, बाकी काही लागत नाही.”

बावीस वर्षं झाली असतील या बोलण्याला. ज्यांनी थोरलीला सोनोग्राफीचं काम शिकवलं त्या मोठ्या बाईंचा हा आवाज. जाडसर, संथ, आणि वाक्यातला शेवटचा शब्द असा खाली ठेवणारा, की जणू कुणी भरली कळशी कडेवरून अलगद उतरवते आहे. बाई केव्हाच निवृत्त होऊन लेकाकडे राहायला गेल्या. आवाज मात्र न्यायचा राहिला तो राहिलाच. त्या गुरुवारी सकाळी परसात, पेरूखाली स्टुलावर उभी असताना, तो थोरलीला इतका जवळून ऐकू आला की तिनं मान वळवून मागे पाहिलं. मागे बाई नव्हत्या. मागे तिची धाकटी बहीण उभी होती, हात पुढे केलेला, डोळ्यांत झोप आणि कौतुक अर्धं अर्धं, आणि म्हणत होती, “दाखव की गं ताई. किती वेळ एकटीच बघणार आहेस?”

झालं होतं ते एवढंसं. पेरूच्या खालच्या बेचक्यात होल्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं. घरटं कसलं, चार काड्या अडकवलेल्या आणि बाकीचं देवावर सोडलेलं. त्यात दोन पिल्लं. गेले आठ दिवस दोघी बहिणी त्या पिल्लांवर जगत होत्या म्हटलं तरी चालेल. रोज कामावर जाण्याआधी थोरली स्टुलावर चढायची, घरट्यावरचा होला उडाला की कॅमेरा डोक्यावर धरून अंदाजानं कळ दाबायची, आणि मग खाली उतरून दोघी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या त्या चार बोटं रुंद पडद्यात डोकी घालायच्या. त्या दिवशी थोरलीनं उतरायच्या आधीच पडद्यावर नजर टाकली, आणि तिनं काही ठरवायच्या आत तिच्या मनगटानं आपलं काम केलं. पडदा बहिणीपासून फिरला आणि तिच्या स्वतःच्या छातीला टेकला.

“काय आलं?”

“काही नाही. फोटो हलला.”

“हलला?”

“वारा आहे ना.”

पेरूचं पानही हलत नव्हतं. बारकीनं एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. चौतिसावं लागलं तरी घरादारात ती बारकीच होती. पुढे केलेला हात तिनं लगेच मागे घेतला नाही. तो थोडा वेळ तसाच हवेत राहिला, आणि मग काहीतरी निमित्त हवं म्हणून केसांवरून फिरला. “पेशंटनाही असंच सांगतेस वाटतं,” ती म्हणाली, “वारा आहे म्हणून?” आणि हसली. हसत हसत बाहेरच्या जिन्यानं आपल्या वरच्या खोल्यांकडे गेली, एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर. नववा आठवडा होता तिला. ते हसू पायरीपायरीनं कमी होत गेलं, आणि वरच्या दाराची कडी लागली तेव्हा त्यातलं काही उरलेलं नव्हतं. थोरली स्टुलावरच उभी होती. छातीशी धरलेला पडदा तिनं पुन्हा समोर घेतला. एक पिल्लू चोच वर करून बसलं होतं. दुसऱ्याची मान काडीवरून बाहेर लोंबत होती, डोळा उघडा, त्यावर साय धरल्यासारखी, आणि त्या डोळ्याकडे मुंग्यांची एक बारीक काळी रेघ शिस्तीत चालली होती.

दवाखान्यात त्या दिवशी सोळा पेशंट होते. श्वास घ्या, रोखा, सोडा. या कुशीवर व्हा. पुन्हा रोखा. तिच्या तोंडातून हे शब्द कसे येतात हे तिला कित्येक वर्षांत जाणवलं नव्हतं, आज एकेक जाणवत होता, चपलेतल्या खड्यासारखा. आणि सगळ्यात जास्त जाणवत होतं ते मनगट. पेशंट आत आला, पलंगावर आडवा झाला, की डावा हात आपसूक वर जायचा, यंत्राच्या दांड्यावरचा पडदा धरायचा आणि आपल्याकडे फिरवायचा. एवढीशी फिरकी, जशी कुणी दार न लावता नुसतं लोटून घ्यावं. बाईंनीच शिकवलेली. पेशंटला पडदा दिसला की तो विचारतो, विचारलं की सांगावं लागतं, आणि सांगायचं काम आपलं नाही. आपण चित्र काढायचं. सांगतील ते डॉक्टर. एकदा तिनं मुद्दाम पडदा होता तसाच ठेवला, तर पोटदुखीनं आलेला तो धिप्पाड माणूस दचकून म्हणाला, “बाई, ते काळं काय आहे एवढं मोठं?” “मूत्राशय,” ती म्हणाली. “सगळ्यांना असतं.” तो बिचारा ओशाळला. मग एक म्हातारी आली, आडवी होताच पडद्याकडे न बघता हिच्याच तोंडाकडे टक लावून राहिली, आणि शेवटी पुसून घेताना म्हणाली, “तुमच्या तोंडावरून काही म्हणता काही कळत नाही बघा. तुम्हाला पत्ते खेळायला बसवलं पाहिजे, सगळं गाव लुटाल.” थोरलीही हसली. “डॉक्टर सांगतील हं आजी.” आणि हे म्हणता म्हणताच तिचा हात पडद्याच्या दांड्यावरच राहिला, कारण हेच शब्द, याच खोलीत, याच पलंगाशी, तिनं सहा वर्षांपूर्वी सख्ख्या बहिणीला सांगितले होते.

तेव्हा बारकी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. सहावा महिना लागला होता. एक दिवस दुपारी नंबरबिंबर न लावता दारात येऊन उभी राहिली, घामेजलेली, दोन बस बदलून आलेली, हातात रुमालाचा बोळा. “सहज आले. इकडून चालले होते, म्हटलं बघतेस का जरा.” थोरलीला आनंदच झाला. दोन पेशंटच्या मधली वेळ होती, डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यातून यायचे होते. “ये, आडवी हो. माझं भाचरू काय म्हणतंय बघू,” असं काहीतरी ती बोलली होती. जेल कोमट करून लावलं होतं, सगळ्यांना गारच लावते पण हिला कोमट करून. आणि प्रोब टेकवल्यावर पहिल्याच मिनिटात, मिनिटही नसेल, तिला दिसलं. जिथं ती लुकलुक असते, दूर माळावरच्या घरातल्या दिव्यासारखी, तिथं काही नव्हतं. तिनं बाजू बदलून पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. आणि मग तिच्या मनगटानं पडदा फिरवला, हातानं चित्र थिजवलं, आणि तोंडानं म्हटलं, “डॉक्टर येऊ देत हं. डॉक्टर सांगतील.” तिनं पोट पुसून दिलं. अंगावर चादर नीट केली. डॉक्टर यायला चाळीस मिनिटं लागली, आणि ती चाळीस मिनिटं बारकी बोलत होती. नावं सांगत होती. मुलगा झाला तर ही तीन, मुलगी झाली तर ही चार, हे नको कारण सासूबाईंच्या दिराचं आहे, ते नको कारण शाळेत चिडवतील. मध्येच एक नाव दोनदा आलं. थोरली पाठ करून जेलच्या बाटल्या लावत होती, सरळ रेषेत, लेबलं समोर. बाटल्या नऊ होत्या. ती त्या लावत होती आणि पुन्हा लावत होती.

डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, दोन वाक्यांत सांगितलं. बारकीनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही. बहिणीकडे पाहिलं. त्या बघण्याचं काय करायचं हे थोरलीला आजवर कळलेलं नाही. ते तिनं कुठंतरी ठेवून दिलं आहे, वापरता न येणाऱ्या आणि टाकून न देता येणाऱ्या भांड्यासारखं. तीन महिन्यांनी, जुने कपडे निवडत असताना, बारकीनं मान खाली घालूनच विचारलं होतं, “तुला आधी दिसलं होतं का गं?” आणि थोरली म्हणाली होती, “नाही. डॉक्टरांनी बघेपर्यंत मलाही कळलं नव्हतं.” किती पटकन म्हणाली. जसं ते वाक्य तीन महिने तोंडात तयार होतं आणि नुसतं विचारायची वाट बघत होतं. बारकीनं “बरं” म्हटलं आणि एक फ्रॉक गठ्ठ्यात टाकला. त्या “बरं”वर दोघींनी सहा वर्षं काढली. चांगली काढली, वरून बघणाऱ्याला तर फारच चांगली. थोरलीच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा बारकी आणि तिचा नवरा तिथंच राहायला आले. एकमेकींची भाजी चाखणं, एकमेकींच्या आजारपणात उठबस, सगळं यथास्थित. फक्त कधी कधी बोलता बोलता दोघी एकदम गप्प व्हायच्या, जिन्यात समोरासमोर आलेल्या दोन माणसांसारख्या, तू आधी की मी आधी. आणि मग दोघीही मागे सरायच्या.

पक्षी आले ते या गप्प होण्यात. बारकीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. गडी हौशी, पण हौस टिकते पंधरा दिवस. त्यानं मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेतला, चार रविवार डोंगराचे फोटो काढले, आणि सव्वा वर्षापूर्वी, पावसाळा सरताना, तो थोरलीच्या ओट्यावर आणून ठेवला. “ताई, तुमचा सगळा जन्म अंधारात फोटो काढण्यात गेला. आता जरा उजेडातले काढा.” ती आधी नको नको म्हणाली, मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून तारेवर बसलेल्या खंड्याचा एक काढला, ओली निळाई, चोच म्हणजे शरीराला लावलेली सुरी, आणि चेहरा असा की वीजबिल चुकीचं आलंय. त्या दिवसापासून तिला चटक लागली. कळ दाबताना ती स्वतःचा श्वास रोखायची, आणि पुष्कळदा पक्ष्यालाही हळूच सांगायची, “रोखा... सोडा.” वहीत तारीख, वेळ, आणि सवयीनं डावी बाजू की उजवी. थंडी पडली तसा धोबी पक्षी आला, मोरीच्या पाण्याशी शेपटी आपटत, कुणीतरी वेळेची ताकीद दिल्यासारखा लगबगीत. लिंबाला फुलं आली तेव्हा डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेल्या चिमुकल्या पिवळ्या पाखरांचा थवा आला, आणि त्यांना चष्मेवाला म्हणतात हे कळल्यावर दुकानदार पाहुणा दोन दिवस मिरवत होता. “भाऊबंद आहेत माझे. फ्रेम बघा, एकसारखी. घाऊक घेतलीय.” उन्हाळ्यात कावळे चोची उघड्या टाकून कौलावर बसत. चिमण्या कुंड्यांतल्या मातीत आंघोळ करत. शिंजीर डाळिंबाच्या फुलाशी उलटा लोंबकळायचा, सूर्य गिळून आल्यासारखा तकतकीत. संध्याकाळी बारकी खाली यायची, दोघी फोटो बघायच्या आणि बारकी वहीत प्रत्येकाखाली दोन शब्द लिहायची. कावळ्याखाली: घरमालक. बुलबुलाखाली: केस विंचरायला वेळ नाही. एका फुगलेल्या चिमणीखाली: सासरी निघाले, मन नाही. हसता हसता थोरलीच्या डोळ्यांत पाणी यायचं. पाखरांवर बोलणं सोपं असतं. त्यांच्याविषयी काही बोललं तर कुणाला मागचं काही आठवत नाही.

पण त्या संध्याकाळच्या आधी एक काम थोरली एकटीच करायची, आणि ते काम आहे हे तिला या गुरुवारपर्यंत स्वतःशीही म्हणावंसं वाटलं नव्हतं. ती निवडायची. शिक्रा चिमणी घेऊन कुंपणावर बसला होता तो फोटो तिनं पुसून टाकला. मांजरानं धरलेला बुलबुल पुसला. उन्हात पडलेलं, अजून पिसं न फुटलेलं, मांसाच्या गोळ्यासारखं कुणाचं तरी पिल्लू, तेही पुसलं. बारकीपुढे जायचे ते सगळे जितेजागते, गळा फुगवलेले, पंख झटकणारे. मागच्या उन्हाळ्यात बारकी वही चाळता चाळता एकदा म्हणाली होती, “काय गं ताई, आपल्या परसात कुणी मरतच नाही का?” थोरली म्हणाली, “मरत असतील. माझ्यासमोर नाही मरत.” बारकीनं पान उलटलं होतं. तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटलं होतं. आता जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच मिटून ठेवून ती त्या पान उलटण्याचा आवाज आठवत बसली, आणि तिच्या लक्षात आलं की तो आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता.

दुपारी चारला ती घरी आली. परसात स्टूल होतं, पण सकाळी तिनं ठेवलं होतं तिथं नव्हतं. एक हात पलीकडे सरकलेलं, बुंध्याला टेकवून. स्टुलाच्या बैठकीवर ओल्या मातीचे दोन पाय उमटले होते, बोटं पुढे, टाचा बाहेर. कुणीतरी चवड्यांवर उभं राहून वर पाहिलं होतं. थोरलीनं वर बघितलं. घरट्यात एकच पिल्लू होतं आणि होला त्याची चोच आपल्या घशात घेऊन भरवत होता, काही झालंच नाही असा. कुंपणाच्या कडेला तळहाताएवढी माती नवी उकरलेली दिसत होती, वरून थापटलेली. वरच्या मजल्यावर नळ चालू होता, मग बंद झाला. पोटुशी बाई स्टुलावर चढते काय, ह्याचा थोरलीला आधी राग आला. राग आला की बरं वाटतं, त्याच्या आडोशाला उभं राहता येतं. पण तो फार टिकला नाही. बारकीला पिल्लू दिसलं होतं. म्हणजे सकाळी फोटो हलला नव्हता हेही दिसलं होतं. म्हणजे ते मनगट. ती फिरकी. बारकीनं ती आयुष्यात दोनदाच बघितली असेल, पण दोनदा पुरते.

शुक्रवार गेला. शनिवारी ती सकाळी स्टुलावर चढलीच नाही. खिडकीतून कॅमेरा रोखून बसली आणि एकही फोटो काढला नाही. होला घुमत होता, तोच एक सूर, पुन्हा तोच, शेजारच्या खोलीत कुणीतरी कुणाची तरी समजूत काढत असल्यासारखा. शब्द कळत नाहीत आणि थांबतही नाही. तिनं कपाट आवरलं. मग आवरलेलं उपसून पुन्हा आवरलं. चहा केला आणि विसरली, पुन्हा केला. जिन्यावर पाऊल वाजलं की ती उठून उभी राहायची आणि पाऊल दुसरीकडे गेलं की बसायची. तिला सांगायचं होतं असं नाही. सांगितलं तर काय होईल हे ती शंभर वेळा बघून आली होती: बारकी गठ्ठा बांधेल, वरच्या खोल्यांना कुलूप लागेल, वहीतली अक्षरं तिथंच थांबतील. आणि नाही सांगितलं तर? तर काही नाही. तर असंच. हे “असंच” तिला पहिल्यांदा इतकं लांबलचक दिसलं की तिनं खिडकी लावून घेतली.

दुपारी पाहुणा, बारकीचा नवरा, खाली आला, कॅमेऱ्याचं भिंग पुसायचं कापड घेऊन. “ताई, सोमवारी तुमची छोटी गाडी मिळेल का? हिला पुलापलीकडच्या दवाखान्यात न्यायचंय, पहिली सोनो—” तो थांबला. हातातल्या कापडाची त्यानं उगाच घडी घातली. “तुम्हाला बोलली नव्हती का ती?”

“बोलली असेल. माझ्याच लक्षात राहिलं नसेल.”

“तसं काही नाही हो ताई. ती म्हणाली, तुम्हाला कशाला पुन्हा... म्हणजे तुमची धावपळ असते.”

“न्या ना गाडी. ब्रेक जरा घट्ट आहे, सांभाळून.”

“मी तिला म्हटलं होतं, घरची बाई असताना लांब कशाला.”

“अहो पाहुणे, तिथलं यंत्र नवीन आहे. चांगलंच आहे.”

तो गेला. तीन आठवड्यांपूर्वी बारकीनं जिन्यावरूनच बातमी सांगितली होती, तेव्हापासून थोरलीनं मनाशी एक सकाळ राखून ठेवली होती: पहिला नंबर, खोली गार नसेल, जेल कोमट. कुणाला बोलली नव्हती. आता ती सकाळ पुलापलीकडे गेली होती. तिथं कुणी परकी बाई प्रोब धरेल, पडदा फिरवेल, चेहरा घरी ठेवून आलेली असेल. आणि बारकीला तीच बरी वाटत होती. परक्या बाईनं लपवलं तर ते नुसतं तिचं काम असतं.

रविवारी सकाळी बारकी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. ऊन कोवळं होतं, तिच्या पावलांपर्यंत आलेलं. थोरली दोन कप घेऊन बाहेर आली, एक तिच्याजवळ ठेवला आणि दुसरा हातात धरून समोरच्या दगडावर बसली.

“पिल्लू मी पुरलं,” बारकी म्हणाली. “गुरुवारीच.”

“माती बघितली मी.”

“बघितलीस तर बोलली नाहीस.”

“तूही नाही बोललीस.”

“मी कुणाची बहीण आहे?” बारकीनं एक दाणा तोंडात टाकला. “दुसरं उडेल दोन दिवसांत. कालपासून काठावर येऊन बसतंय. पडायचंय मेल्याला.”

“स्टुलावर चढू नकोस गं पुन्हा.”

“हो.”

“काही झालं असतं म्हणजे?”

“तर तू पाहिलं असतंस,” बारकी म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

चहावर साय आली. थोरलीनं ती बोटानं बाजूला केली. तिच्या तोंडात इतकी वाक्यं जमली होती की एकही बाहेर येत नव्हतं, दारात गर्दी झाल्यासारखी. उद्या कधी निघणार? रिकाम्या पोटी बोलावलंय का? पाणी पिऊन जा. यातलं एखादं म्हटलं असतं तर रविवार निघून गेला असता. तिनं कप दगडावर ठेवला. हात मोकळे झाले आणि त्यांना करायला काही उरलं नाही.

“मला दिसलं होतं,” ती म्हणाली.

“कळलं की. पिल्लू.”

“पिल्लू नाही. तेव्हा.”

शेंग फुटता फुटता थांबली.

“डॉक्टर यायच्या आधी. पहिल्या मिनिटालाच. तू नीट टेकलीही नव्हतीस. मी तीनदा बघितलं, बारके, तीनदा, आणि तिन्ही वेळा नव्हतं. आणि मी पाठ केली. तू तिथं नावं सांगत होतीस आणि मी बाटल्या लावत होते. नऊ बाटल्या.” तिचा आवाज तिला ओळखू येत नव्हता, चढ-उतार असलेला, कुठंही अडखळणारा, शेजारच्या कुणा बाईचा वाटावा असा. “तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. आणि अजून एक आहे. तू गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, कमाल केलीत, सख्खी बहीण असून चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीत. आणि मला बरं वाटलं गं. एक क्षणभर. तू बाहेर रिक्षात बसत होतीस आणि मला आत शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.”

मांडीवरची परात बारकीनं उचलून पायरीवर ठेवली, सावकाश, दाणे सांडू न देता. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा. थोरली तिच्याकडे बघत राहिली. आपल्या चेहऱ्यावर आता काय काय दिसत असेल याचा तिला अंदाज नव्हता, आणि तिनं तो झाकलाही नाही.

“दोन दिवस हललं नव्हतं,” बारकी म्हणाली.

“काय?”

“पोटात. तुझ्याकडे आले त्याच्या आधी दोन दिवस. रात्रभर डाव्या कुशीवर झोपून बघितलं, साखरेचं पाणी पिऊन बघितलं. मला कळलं होतं. कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही, अजूनही नाही.” तिनं पदरानं नाक पुसलं. “माझ्या घराजवळ दोन दवाखाने होते, ताई. एक तर समोरच. रस्ता ओलांडायचा फक्त.”

“मग तू म्हणालीस इकडून चालले होते—”

“इकडून कुठं जायला निघणार होते मी? तुझ्या त्या गल्लीतून पुढे रस्ताच नाही.” तिला हसू फुटलं, आणि हसू पुरं व्हायच्या आत त्याचं दुसरंच काही झालं. “नावं कशाला घेत होते माहीत आहे? तू थांबवशील म्हणून. वाटलं, एखाद्या नावापाशी तरी म्हणशील, बारके, पुरे आता. माझ्याकडची सातच होती. ती संपल्यावर मी शेजारपाजारच्या पोरांची घेतली. आणि तू आपली पाठ करून उभी.”

“मला वाटलं, डॉक्टरांनी सांगावं...”

“मला डॉक्टर नको होता.” बारकीनं हात पुढे केला आणि बहिणीचं मनगट धरलं, जोरात, बांगडी रुतेल इतकं. “मी दवाखान्यात आलेच नव्हते गं ताई. मी तुझ्याकडे आले होते.”